आवटी सरांची चार मिनिटं

‘...मग माझ्याच दारासमोर आपली पावलं का थांबत नाहीत, महाराज?’

प्रश्न साधारण असाच होता. साधारण म्हणायचं कारण, डॉ. नेमगोंडा आवटी यांना आता स्वतःच्या आठवणीचा भरवसा वाटत नाही. आवाज चढला होता, एवढं नक्की आठवतं. ‘आपली’ म्हटलं की रागाच्या भरात ‘तुमची’ म्हटलं, ते आठवत नाही. आणि महाराजांचा त्या संध्याकाळचा शेवटचा शब्द खरंच तोंडातून निघाला, की त्यांनी नुसतं सरांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, हे तर सर दर वेळी वेगळं सांगतात.

त्या प्रश्नामागचे बावीस दिवस मात्र त्यांना तारीखवार पाठ आहेत. ते वहीत आहेत.

वारणाकाठच्या हिंगणसर गावी त्या वर्षी धृतिनंदी महाराजांचा चातुर्मास होता. दिगंबर मुनी. अंगावर वस्त्र नाही; जवळ मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, बस. दिवसातून एकदाच आहार, तोही उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत. सूर्य मावळला की मौन. ते दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावरच सुटायचं.

आहाराला निघताना महाराज मनाशी एक अट धरून निघत. तिला विधी म्हणतात. नारळ घेतलेलं जोडपं दिसलं तर, एकटी म्हातारी दिसली तर, किंवा आणखी काही. अट कुणाला सांगायची नाही. जिथे जुळेल त्या दारात थांबायचं. कुठेच नाही जुळली, तर उपाशी परत फिरायचं.

आवटी सर पुण्याला खगोलशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गाव मूळचं हेच. महाराजांचा एक तरी आहार आपल्या घरी व्हावा म्हणून ते आणि त्रिशलाबाई महिनाभर गावच्या घरात येऊन राहिले होते. बाईंनी पहिल्याच दिवशी नेम धरला : आहार होईपर्यंत मीठ खायचं नाही.

बावीस दिवस बाई पहाटे उठून विहिरीचं पाणी गाळत होत्या, जात्यावर दळत होत्या. बावीस दिवस सर सोवळ्याचं धोतर-उपरणं नेसून त्यांच्याशेजारी दारात उभे राहत होते. महाराज गल्लीच्या टोकाला दिसत. जवळ येत. दोघांकडे एकदा पाहत... आणि पुढे जात.

पुढे म्हणजे कुठे? शेजारच्या किराणा दुकानदाराकडे. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याकडे. एकदा तर त्या ट्रॅक्टरवाल्या बाबगोंडाकडे, ज्याला णमोकार मंत्रसुद्धा धड म्हणता येत नाही!

सरांनी वहीत तक्ता आखला. तारीख, हातातली वस्तू, कलश उजव्या हाताला की डाव्या, महाराज दारासमोर आले ती वेळ.

‘सर, काल दोन लिंबं होती. आज काय?’ बस्तीचा, म्हणजे गावातल्या जैन मंदिराचा पुजारी पारिसा उपाध्ये रोज जाता जाता विचारायचा.

‘मोसंबी.’

‘महाराजांना पकडायला निघालाय की काय तुम्ही?’

सर दाराशेजारच्या कोनाड्यात काढून ठेवलेल्या घड्याळाकडे बघायचे आणि वेळ लिहायचे. सेकंदासकट.

घड्याळ साधं नव्हतं. पंच्याहत्तरीला मुलाने दिलेलं. स्वित्झर्लंडमधल्या कुणा चार कारागिरांनी हाताने बनवलेलं, जगात अशी दहा-बारा असतील नसतील. आत सेल नाही, सगळी चाकांची करामत. चंद्राची कला दाखवायचं. सूर्याची वेळ आणि आपली वेळ यांतला फरक दाखवायचं. पाठीमागे काचेखाली गावावरचं आकाश, ताऱ्यांसकट, हळूहळू फिरायचं. आणि तबकडीवरचे दोन बारीक काटे रोजचा सूर्योदय आणि सूर्यास्त सांगायचे. कुठला? हिंगणसरचा! गावाचे अक्षांश-रेखांश सरांनी स्वतःच्या हाताने लिहून पाठवले होते. पट्टा चामड्याचा चालणार नाही, कापडी लावा, हेही बजावलं होतं.

सूर्यास्तानंतर जेवायचं नाही, हा घरातला पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. बाई साडेपाचलाच दोन घास खाऊन उठायच्या. सर सावकाश ताट घेऊन ओसरीवर बसायचे.

‘अहो, आटपा. दिवेलागण झाली.’

‘सहा मिनिटं आहेत अजून.’

‘ताटातलं दिसेनासं झालंय.’

‘मग दिवा लाव. सूर्यास्त काही ताटात दिसण्यावर ठरत नाही.’

‘बस्तीतलं कॅलेंडर निराळं सांगतं.’

‘ते सगळ्या जिल्ह्याचं, ठोकळ. हे आपल्या गावाचं आहे.’

बाविसाव्या दिवशी सकाळी महाराज पुढे गेले आणि त्रिशलाबाई चक्कर येऊन उंबऱ्यावरच बसल्या. परवा पुण्याला परतायचं होतं. बाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती. म्हणजे उरली एक सकाळ.

त्या संध्याकाळी सर तरातरा बस्तीवर गेले.

बस्तीच्या मागे घाट आहे. महाराज वरच्या पायरीवर फळीवर बसले होते, तोंड नदीकडे. सर त्यांच्यासमोर खालच्या पायरीवर बसले, पाठ नदीकडे. नमोस्तु म्हणाले. आणि लगेच तो प्रश्न.

महाराजांनी ऐकून घेतलं...

‘रागावलाय,’ ते म्हणाले.

‘हो. रागावलोय.’

‘कुणावर?’

‘आपल्यावर. क्षमा करा, पण आपल्यावरच. माझी बायको बावीस दिवस अळणी खातेय. आज चक्कर आली तिला. आणि आपण आमच्याकडे बघून बाबगोंडाच्या घरात शिरता!’

‘वरण बरं करतात ते.’

सरांना हसू आलं नाही.

‘मी तक्ता केलाय, महाराज.’

‘पारिसा सांगत होता. घावलं काय?’

‘नाही. नारळ झाला, लिंबं झाली, केळी, मोसंबी, पेरू झाले. कलश दोन्ही हातांनी झाला. आपण आमच्या दारासमोर नऊ बावन्न ते नऊ सत्तावन्नच्या दरम्यान येता. सेकंदासकट मांडलंय. काही निघत नाही.’

‘सेकंद कशावरनं?’

सरांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि पुढच्या दगडावर ठेवायला गेले.

‘थांबा.’

महाराज वाकले. पिंछीने तो दगड हलकेच झाडला. एकदा, दोनदा. एक मुंगी मोरपिसांपुढून लगबगीने कडेला गेली.

‘आता ठेवा.’

‘मुंगी होती होय...’

‘होती. तुम्ही बघितलं नाही.’

सरांनी घड्याळ ठेवलं. राग होता, पण घड्याळाबद्दल बोलायला मिळालं की त्यांचा आवाज आपोआप वर्गातला व्हायचा. चंद्राची कला सांगितली. शंभर वर्षांत एका दिवसाचाच काय तो फरक, हे सांगितलं. लीप वर्षंसुद्धा याला कळतात, सन २१०० पर्यंत तारखेला हात लावावा लागत नाही, हे सांगितलं.

‘आणि २१०० साली?’

‘तेव्हा एकदा हाताने सरकवायची.’

‘कोण सरकवणार?’

 ‘नातू... किंवा त्याची मुलं.’

‘बरं झालं. मला वाटलं, तुम्हीच.’

घाट झाडणारा पारिसा खुदकन हसला. सरांनी त्याच्याकडे मान वळवली नाही.

‘आणि हे दोन बारके काटे?’

‘हिंगणसरचा सूर्योदय आणि हिंगणसरचा सूर्यास्त. कोल्हापूरचा नाही, पुण्याचा नाही. रेखांशात एका अंशाची चूक झाली, की सूर्यास्तात चार मिनिटांची चूक होते, महाराज. पस्तीस वर्षं मी हे मुलांना शिकवलं. म्हणून तर आकडे दुसऱ्या कुणाला लिहू दिले नाहीत.’

‘आज कधी मावळणार?’

‘सहा तेवीस.’

महाराजांनी मान हलवली.

‘हे यायच्या आधी संध्याकाळचं किती वाजता जेवत होतात?’

‘साडेपाच. फार तर पावणेसहा.’

‘एवढ्या लवकर?’

‘भीती वाटायची. आभाळ भरलेलं असलं, घड्याळ मागे पडलं असलं, तर... मी पहिल्यापासून शंकेखोर माणूस.’

‘आणि आता?’

‘आता शंका नाही.’

‘भीती?’

‘तीही नाही.’

...

‘चांगली होती,’ महाराज म्हणाले.

‘कोण?’

महाराजांनी बस्तीच्या भिंतीच्या कडेने गल्लीकडे बोट केलं.

‘तुमची ओसरी इथनं दिसते.’

‘दिसत असेल.’

‘दिवा लागला की ताटपण दिसतं.’

हे असं! बाई चक्कर येऊन पडते, तक्तेच्या तक्ते भरतात, आणि महाराज ओसरी कुठून दिसते ते सांगतात! सरांचा इतका वेळ धरून ठेवलेला आवाज फुटला.

‘मी माझ्या जेवणाचं विचारत नाहीये, महाराज! मी आपल्या आहाराचं विचारतोय. बाबगोंडाच्या घरात जे आहे, ते आमच्या घरात का नाही? पाणी गाळण्यात चुकतं? दळण्यात चुकतं? की मी शिकलेला आहे, म्हणून माझ्यात गर्व दिसतो आपल्याला? असेल तर तसं सांगा. पण हे रोज बघून पुढे जाणं... रोज! मला जन्मभर वाटत आलंय, की माझं कुठेतरी काहीतरी चुकतंय आणि ते मलाच तेवढं दिसत नाही. परीक्षेत पहिला आलो तेव्हासुद्धा वाटलं, पेपर तपासणाऱ्याचीच चूक झाली असेल. पंच्याहत्तर वर्षं झाली. आता एकदा काय ते सांगून टाका. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी सांगा. उद्याची एक सकाळ उरलीय.’

महाराज त्यांच्याकडे पाहत राहिले. 

चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

‘सांगतो,’ ते म्हणाले.

सर एक पायरी वर सरकले.

महाराजांनी बोलायला तोंड उघडलं. आणि सरांच्या खांद्यावरून पलीकडे, नदीपार पाहिलं.

‘मावळला.’

...

महाराजांनी हात मांडीत जुळवले. डोळे मिटले.

सरांना आधी कळेचना. मग त्यांनी दगडावरचं घड्याळ झडप घालून उचललं.

‘नाही! महाराज, नाही. सहा एकोणीस झालेत. अजून चार मिनिटं आहेत!’

...

‘हे बघा. हा आत्ताचा काटा, हा सूर्यास्ताचा. आपल्याला बोलता येतं अजून. नियम मोडत नाही. चार मिनिटं, महाराज! एका वाक्याला चार मिनिटं लागत नाहीत!’

महाराजांनी डोळे उघडले. घड्याळाकडे पाहिलं. नदीकडे पाहिलं. पुन्हा डोळे मिटले.

‘सर,’ पारिसा हातातला झाडू भिंतीला टेकवून म्हणाला, ‘मौन लागलं महाराजांचं.’

‘लागलं नाही! लागायला वेळ आहे.’

‘अहो पण सूर्य...’

‘सूर्याचं मला शिकवू नकोस, पारिसा.’

 पारिसाने नदीकडे एकदा बघितलं, सरांकडे एकदा बघितलं, आणि झाडू घेऊन आत गेला.

सर घड्याळ महाराजांच्या समोर धरून बसून राहिले. तीन मिनिटं. दोन मिनिटं. महाराजांचा श्वास संथ चालला होता. नदी सरांच्या पाठीशी होती. नुसती मान वळवायची होती. पण मान वळवणं म्हणजे घड्याळावर संशय घेणं, आणि पारिसाचं खरं मानणं. पस्तीस वर्षं फळ्यावर सूर्य चढवण्या-उतरवण्यात गेलेला माणूस पुजाऱ्याच्या सांगण्यावरून मागे वळून बघतो की काय! ते वळले नाहीत.

सहा तेवीसला काटा जागेवर आला. सर उठले. नमोस्तु म्हणाले की नाही, आठवत नाही. बहुधा नाही.

घरी त्रिशलाबाई ताट वाढून बसल्या होत्या.

‘वेळ आहे का अजून?’ त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. बिचारी खरंच विचारत होती.

‘नाही. आणि नकोच मला. झाकून ठेव नाहीतर गाईला घाल.’

‘काय म्हणाले महाराज?’

‘काही नाही म्हणाले. चार मिनिटं हातात असताना काही म्हणाले नाहीत!’

ओसरीवर त्या संध्याकाळी दिवा लागला नाही.

सकाळी बाईंनी धोतर-उपरणं पाटावर काढून ठेवलं. सरांनी हात लावला नाही. आंघोळ करून पँट-शर्ट चढवला, घड्याळ बांधलं, आणि आतल्या खोलीत खुर्चीवर बसले.

‘चला की. आजचा शेवटचा दिवस.’

‘तू उभी राहा. मी काय वाटेवरचा खांब आहे, रोज बघून पुढे जायला?’

‘असं बोलू नये हो.’

‘मग नाही बोलत.’

बाई एकट्याच दारात गेल्या. थोड्या वेळाने गल्लीत गलबला झाला. घराघरातून मुनींना थांबवायची एकच हाक उठत जवळ येऊ लागली. मग त्यांच्या स्वतःच्या दारातून, एकटा, थकलेला आवाज : ‘हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र, अत्र, अत्र! तिष्ठ, तिष्ठ...’

आवाज मध्येच तुटला.

सरांनी वाट पाहिली. पुढच्या घरातली हाक आली नाही. त्यापुढच्या घरातलीही नाही.

ते धावत बाहेर आले. महाराज दारात उभे होते. स्थिर. आणि त्रिशलाबाई हातात कलश घेऊन, डोळ्यांतलं पाणी न पुसता, त्यांना प्रदक्षिणा घालत होत्या.

सर पुढे झाले, आणि थबकले. अंगावर पँट-शर्ट होता. सोवळं नाही, तर स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नाही. घास देणं तर लांबच. बावीस दिवस सोवळ्यात उभा राहिलेला माणूस तेविसाव्या दिवशी स्वतःच्या घरात चौकटीबाहेर उभा राहिला. कुणाला दोष द्यावा, हेही समजेना.

पाय धुऊन झाले. पूजा झाली. बाईंनी पाणी दिलं, भात दिला, वरण दिलं. खाली धरलेली महाराजांची ओंजळ हलत नव्हती. सरांचं लक्ष सवयीने मनगटाकडे गेलं. दहा वाजून सात मिनिटं. पण वही आत होती, आणि ती आणायला ते गेले नाहीत.

आहार झाला. महाराज कमंडलू घेऊन ओसरीवर आले. सर वाट अडवल्यासारखे उभे होते.

‘महाराज, आपली अट काय होती, ते मी विचारत नाही. पण बावीस दिवस का नाही? आणि मी दारात नव्हतो तेव्हाच कसे थांबलात?’

‘काल सांगितलं की.’

‘काल? काल आपण काहीच बोलला नाहीत!’

महाराजांनी उंबऱ्याबाहेरची जागा पिंछीने झाडली. वाकून बघितली. मग पाऊल ठेवलं.

‘सांगितलं,’ ते म्हणाले. ‘तुम्हीच म्हणालात, अजून चार मिनिटं आहेत.’

आणि ते गेले.

त्या दुपारी त्रिशलाबाईंनी आमटीत मीठ घातलं. सवय मोडलेली, हात जड पडला. आमटी खारट झाली होती. दोघांनी ती संपवली.

पुढे नऊ वर्षांनी, महाराज समाधिस्थ झाल्यानंतर, पुण्याचं घर बदलताना सरांच्या हाती जुन्या पत्रांची फाइल आली. घड्याळाच्या कारागिरांना पाठवलेल्या कागदाची कार्बन-प्रत तिच्यात होती. पट्टा कापडी हवा, हे दोनदा अधोरेखित केलेलं. अक्षांश बरोबर होते. रेखांशाच्या पुढे ७३ अंश २४ मिनिटं असं लिहिलं होतं. सरांनी नकाशा काढून भिंग धरून पाहिलं, मग दुसरा नकाशा काढून पाहिलं. हिंगणसर ७४ अंश २४ मिनिटांवर आहे. अक्षर सरांचंच होतं.